एक्सपायरीवरचं स्टिकर मी परत दाबून बसवलं

फसवणुकीत गेलेली रक्कम आधी सांगून टाकतो, शेवटी सांगायची हिंमत राहील न राहील. मालाचे ₹25,900 आणि 'रिफंड'चे ₹12,950. एकूण ₹38,850. वर कातडीच्या उपचाराला ₹2,340 गेले ते वेगळे. बत्तीस वर्षं मी लेखा शाखेत काढली, दुसऱ्यांची बिलं तपासण्यात. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आतला जोड भरेपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलंय. त्याला इलिओस्टोमी म्हणतात, आणि त्या तोंडाला स्टोमा. त्यावर पिशवी लावावी लागते आणि ती चोवीस तास असते. पोटाला चिकटते ती प्लेट, प्लेटवर बसते ती पिशवी. ज्यांच्या घरी आहे त्यांना जास्त सांगायला नको.

सुरुवातीला नागपूरच्या धंतोलीतल्या एका मेडिकलमधून आणायचो. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या पोरीनं आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "भाऊ, ते संडासच्या पिशवीवाले काका आले, आहे का माल?" दुकानात सात-आठ माणसं होती. त्यातला एक आमच्या कॉलनीतला. मी प्लेट न घेताच घरी आलो. ते आधी घडलं म्हणून पुढचं सगळं घडलं, असं माझं म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं वेगळं आहे.

चारच दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर प्लेट-पिशव्या विकणाऱ्या एकाचा मेसेज आला. ऑपरेशन कधी झालं, स्टोमा कोणता, सगळं त्याला ठाऊक. "अंकल, टेन्शन मत लो, सादे डिब्बे में आएगा, बाहर कुछ लिखा नहीं रहेगा." हे वाक्य ऐकलं आणि मी विकला गेलो. माझा नंबर नि माझ्या पोटाची माहिती याच्याकडे आली कुठून, हा प्रश्न पडायला हवा होता. दवाखान्यात नंतर विचारलं तर म्हणे आमच्याकडून जाऊच शकत नाही. मग काय वेताळानं सांगितली?

आधी पाच प्लेटचं पाकीट पाठवलं. अस्सल होतं, तीन-तीन दिवस टिकलं. पहिला घास गोड असतो हे मलाही माहीत आहे, पण तो घास पोटाला चिकटलेला असला की माणूस विश्वास ठेवतो. मग तीन महिन्यांचा 'पॅक': 30 प्लेट ₹410 प्रमाणे 12,300, 60 पिशव्या ₹190 प्रमाणे 11,400, पावडर-पेस्ट 1,850, कुरिअर 350. बेरीज मी दोनदा केली. बेरीज बरोबर होती. प्लेटचं मधलं भोक आधीच कापलेलं, 38 मिलिमीटरचं. "कैंची की झंझट नहीं." डिस्चार्जच्या वेळी माझं माप 38च होतं. 11 एप्रिलला सगळे पैसे यूपीआयनं पाठवले.

आता इथे थांबा, कारण इथे मीही थांबायला हवं होतं. ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, दर वेळी मोजून भोक कापायचं, हे स्टोमा नर्सनं मला दोनदा सांगितलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावला होता आणि मी त्याच फ्रिजसमोर उभा राहून तीन महिन्यांचा एकाच मापाचा माल मागवला. पहिल्या दोन महिन्यांत कोणी साठा करा म्हणालं, मग तो कितीही स्वस्त देत असो, फोन ठेवा.

22 एप्रिलला दुपारी खोकं आलं. प्लेटच्या डब्यावर एक्सपायरीच्या जागी एक पांढरं स्टिकर. बाकीची छपाई निळसर, यावरची काळी. कोपरा थोडा उचललेला. मी त्यात अंगठ्याचं नख घातलं, खाली आकडा दिसायला लागला आणि माझा हात थांबला. नख काढलं. स्टिकर परत दाबून बसवलं, वरून अंगठा फिरवला, नीट चिकटावं म्हणून. स्वयंपाकघरातून ही विचारत होती, "बरोबर आलं का?" मी म्हटलं, "एकदम बरोबर."

ते दोन सेकंद मी रोज रात्री परत जगतो. ते सोललं असतं तर मूर्ख ठरलो असतो, पण फक्त घरातल्या घरात. (नंतर सोललं. खाली पावणेदोन वर्षांपूर्वीची तारीख निघाली.) डब्यावर लॉट नंबर नाही, किंमत नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. बाहेरून आलेल्या मालाच्या वेष्टनावर हे छापलेलं असावंच लागतं. नसेल तर डबा उघडूही नका, आधी फोटो काढा.

पहिली प्लेट चार तासांत सुटली. त्याला कळवलं तर म्हणाला, "नागपुर की गर्मी है ना अंकल." आणि मी मान्य केलं! आपल्याकडे उन्हाच्या नावावर काहीही खपतं. घामानं प्लेट लवकर सुटते हे खरं आहे, गोंद उष्णतेनं मऊ पडतो हेही खरं. म्हणून डबा स्कूटरच्या डिक्कीत ठेवायचा नाही, कूलरच्या दमट झोतातही नाही. पण चार तास? दहा पिशव्यांची तर रिंगच त्या प्लेटवर बसेना.

3 मे, मानेवाड्याला भाच्याचं साक्षगंध. पंगतीत बसलो आणि ओलं लागलं. पांढरा सदरा. पुढचं लिहीत नाही.

घरी आल्यावर पाहिलं तर स्टोमाभोवतीची कातडी लालभडक, साल गेलेली. माप घेतलं: 29. भोक 38चं. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचक रस असतात, उघड्या कातडीलाही ते सोडत नाहीत. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं असावं. माझ्याकडे चहूकडून साडेचार मिलिमीटर कातडी भाजत होती, दहा दिवस. वर मी शहाण्यानं डेटॉल लावलं. लावू नका. कोमट पाणी पुरतं. खोबरेल तेलही नको, त्यावर प्लेट चिकटत नाही. आणि पेस्टमध्ये बहुतेक वेळा अल्कोहोल असतं, सोललेल्या कातडीवर ती लावली की काय होतं ते विचारू नका.

मी चिडून फोन केला तर माणूस एकदम नरम. अर्धे पैसे आज, अर्धे माल परत आल्यावर. क्यूआर पाठवला. पैसे येताना पिन लागत नाही, हे मला माहीत होतं. बँकेचे मेसेज काय कमी येतात? पण कातडी जळत होती, पिशवी भरत आली होती, आणि स्क्रीनवर 12,950 हा आकडा बरोबर निम्मा होता. हिशेब जुळला की मी पिन टाकतो, ही माझी खोड. टाकला.

घरात चौथ्या दिवशी सांगितलं. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोनही चौथ्या दिवशी. पहिल्या तासातच करा, पैसे खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. माझे तोवर तीन खात्यांतून पार झाले होते.

आता सरकारदरबार. पोलीस ठाण्यात विचारलं, "कसली पिशवी?" सांगितलं. "पोटावर? मंजे आत्ता पण आहे का?" चौघं माझ्या शर्टाकडे बघत होते. मग निर्णय: क्यूआरचं सायबरवाल्यांकडे, मालाचं ग्राहक आयोगात. सायबरवाले म्हणतात मूळ व्यवहार मालाचा आहे, आधी ठाण्यातून लिहून आणा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. औषध खात्यात गेलो तर बाबू म्हणाला, "आम्ही औषधं पाहतो काका, ही तर पिशवी आहे." अरे बाबा, 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधाच्या व्याख्येत आली आहेत, हे मला, एका निवृत्त कारकुनाला, ठाऊक आहे आणि तुला नाही? मी अधिसूचनेची प्रत दाखवली. "साहेब दौऱ्यावर आहेत." तीन वेळा गेलो, साहेब तिन्ही वेळा दौऱ्यावर. बाहेर बेचाळीस डिग्री, आवारात बसायला बाक नाही, संडासाला कुलूप. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची असते. कुठे करायची?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, म्हणून आनंद झाला. पण अर्जात समोरच्याचा पत्ता लागतो. खोक्यावर लिहिलंय 'दिल्ली'. एवढंच.

आता प्लेट त्याच धंतोलीच्या दुकानातून आणतो, पक्क्या बिलावर, एका वेळी पाच. पोरगी अजूनही ओरडूनच विचारते. मीही ओरडूनच सांगतो, आणि घेण्याआधी तिच्यासमोर एक्सपायरीवर नख फिरवून बघतो.

ठाण्यातून गुरुवारी या म्हणून सांगितलंय. कोणत्या गुरुवारी, ते सांगितलेलं नाही.