जळगावचं रेटिना क्लिनिक: मशीन एक नंबर, समजावून सांगण्यात कच्चे

नानांची शुगर जुनी, पण केळीची कटाई चालू असली की सावद्याहून जळगावला यायला घरात कोणी मोकळंच नसतं, शेवटी जबरदस्तीनं आणलं. रिंग रोडकडच्या ह्या डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिना) क्लिनिकात ओसीटी स्कॅन आणि लेसर दोन्ही होतं, नाशिक-पुण्याला पळायला लागत नाही, ह्याला पूर्ण मार्क.

ओसीटी म्हणजे सोनोग्राफीच समजा, फक्त आवाजाऐवजी इन्फ्रारेड उजेड. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, सुई नाही काही नाही. पडद्याच्या एकेका थरावरून उजेड परत येतो त्यावरून उभा छेद दिसतो, मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक. १९९१ ला अमेरिकेत हुआंग, फुजिमोटो, स्वॅन्सन ह्यांच्या टीमनं हे काढलं आणि आज जळगावात दहा मिनिटांत होतं भो! टेक्निशियन पोरगी चांगली, तिनं स्क्रीन फिरवून मधला खळगा दाखवला, तिथं सूज नव्हती म्हणून इंजेक्शन टळलं. पण डॉक्टरांना कडेला नव्या कच्च्या रक्तवाहिन्या उगवलेल्या दिसल्या, त्या कधीही फुटून आत रक्त सांडू शकतं, म्हणून लेसर.

हिरवा लेसर, कडेच्या पडद्यावर बारीक बारीक डाग देत जातात, तेवढ्या भागाची ऑक्सिजनची मागणी कमी होते आणि नव्या वाहिन्या सुकतात. नाना म्हणे डोळ्यात वेल्डिंग चालू आहे का. थोडं टोचतं, सहन होतं.

आता तक्रार. लेसरनं नजर वाढत नाही, आहे ती टिकते, उलट अंधारात थोडं कमी दिसू शकतं, हे आधी कोणी बोललंच नाही, सहीचा कागद पुढे सरकवला आणि झालं. नाना आता पेपर स्वच्छ वाचता येईल ह्याच भरवशावर. मी खोदून विचारलं तेव्हा कुठं डॉक्टर नीट बोलले. गेलेली नजर उजेडानं आणायचे प्रयोग आहेत म्हणा, २०२१ ला बातमी आली होती, पॅरिसला एका अंध माणसाच्या डोळ्यात प्रकाशाला दाद देणारं जनुक (जीन) टाकून खास गॉगल लावला तर त्याला टेबलावरच्या वस्तू सापडायला लागल्या, पण तो आजार वेगळा, शुगरवाल्यांनी त्या आशेवर तपासणी टाळू नका.

तपासणीसाठी डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, मोटरसायकलवर एकटं येऊ नका, आणि उन्हाळ्यात गॉगल पाहिजेच. स्कॅनचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाले, अजून पत्ता नाही, काउंटरवरून हलायच्या आधीच मागून घ्या. ५ पैकी ३.५.