‘डिरेलर गेलाय’ म्हणाले तर आधी वायर दाखवायला सांगा

सायकलचे गिअर अडखळले की बऱ्याच दुकानांत एकच उत्तर मिळतं: "डिरेलर गेला, चेन गेली, सेटच बदला." डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग. काही हजारांचं बिल होतं आणि त्याला ओढणारी जुनी वायर तशीच राहते. मग महिन्याभरात तीच खरखर परत.

दुकानात जाण्याआधी मागचं चाक उचलून पेडल फिरवा. मागच्या मोठ्या दातेरी चक्रावरून लहानाकडे उतरताना चेन रेंगाळते का? चेन उतरवायचं काम डिरेलरच्या स्प्रिंगचं असतं, पण आउटरमध्ये, म्हणजे वायरवरच्या नळीत, गंज किंवा चिखल बसला की स्प्रिंगला वायर खेचता येत नाही. पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. वायर आणि आउटर बदला, काम काहीशे रुपयांत होतं. उलट मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल, तर वायर सैल आहे. डिरेलरवरचा बॅरल अ‍ॅडजस्टर (वायरचा ताण बदलणारा गोल नट) मागून बघत घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तपासा.

नवं आउटर घालतानाही नजर ठेवा. गिअरचं आउटर साधारण 4 मिमीचं असतं आणि त्याच्या आतल्या तारा लांबीला सरळ असतात. ब्रेकचं 5 मिमीचं, आत पट्टीचं वेटोळं. ब्रेकचं आउटर गिअरला लावलं की ते दबतं आणि गिअर कधीच नेमका बसत नाही. कापलेलं टोक दाखवा म्हणून सांगा.

सगळ्यात वाईट फसवणूक ‘L’ स्क्रूची, म्हणजे डिरेलर मोठ्या चक्राकडे किती जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूची. सायकल उजव्या बाजूला पडली की हँगर (फ्रेमला डिरेलर जोडणारा तुकडा) आत वाकतो आणि चेन स्पोकमध्ये घुसू पाहते. हँगर सरळ करण्याऐवजी हा स्क्रू आवळून देतात. आवाज बंद होतो, पण चेन सर्वांत मोठ्या चक्रावर चढतच नाही. ते कळतं सिंहगडाच्या चढावर, हलका गिअर हवा असतो तेव्हा. म्हणून सायकल ताब्यात घेताना सगळे गिअर दोन्ही दिशांनी टाकून बघा. मागे बसून पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या चक्राच्या सरळ रेषेत हवीत.

नवी वायर पहिल्या काही राइडनंतर थोडी सैलावते, कारण आउटरची टोकं जागेवर बसतात. तो बिघाड नव्हे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

चेन बदलली असेल तर जुनी परत मागा आणि ताणून पट्टीवर 24 कड्या मोजा, पिनेपासून पिनेपर्यंत. नवी असताना हे अंतर 304.8 मिमी असतं. 307 च्या पुढे गेली असेल तर बदलणं योग्यच होतं. 305 भरली, तर तुमची चांगली चेन काढून घेतली आहे.