एनलिस्ट की एक्स्टेंडफ्लेक्स? आयोवातल्या शेतासाठी सोयाबीन निवडताना

अमेरिकेत १९९६ साली राउंडअप रेडी सोयाबीन आलं (राउंडअप, म्हणजे ग्लायफोसेट हे तणनाशक, झेलणारं), तेव्हा फार विचार करावा लागत नव्हता. ग्लायफोसेट मारलं की तण साफ. ती चैन वॉटरहेम्पने संपवली. हे आपल्या माठाच्या कुळातलं तण. हंगामभर उगवत राहतं, एकेक मादी झाड लाखांनी बी टाकतं आणि आता बऱ्याच शेतांत ग्लायफोसेटला दाद देत नाही.

म्हणून आता निवड एनलिस्ट ई३ आणि एक्स्टेंडफ्लेक्स या दोन जीएम (जनुक बदललेल्या) सोयाबीनमध्ये. दोन्हींवर ग्लायफोसेट आणि ग्लुफोसिनेट हे आणखी एक तणनाशक चालतं. फरक तिसऱ्या औषधाचा: एनलिस्टला २,४-डी, एक्स्टेंडफ्लेक्सला डायकांबा. अदलाबदल झाली की पीक गेलंच म्हणून समजा.

डायकांबा रुंद पानांच्या तणावर जबरदस्त, पण उन्हात वाफ होऊन शेजाऱ्याच्या शेतात जातं. तिथलं साधं सोयाबीन असेल तर पानं द्रोणासारखी वळतात. २०१७ मध्ये असं नुकसान लाखो एकरांवर झालं. पुढे २०२० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने उभ्या पिकातल्या फवारणीची परवानगी रद्द केली. २०२५ चा हंगाम तिच्याविनाच गेला. म्हणजे ज्या गुणाचे पैसे मोजले, तोच वापरता आला नाही! बियाण्याची बॅग घेण्याआधी डायकांबाचं त्या वर्षीचं लेबल वाचाच.

एनलिस्टमध्ये ही टांगती तलवार कमी. मात्र दुकानातलं कुठलंही २,४-डी चालत नाही. लेबलवरचं कोलीन क्षाराचंच हवं. बांधापलीकडे द्राक्षं किंवा टोमॅटो असतील तर वारा बघूनच फवारा. आणि भाड्याच्या पंपात आधी डायकांबा होतं का, हे विचारा. नळीत राहिलेला अंशसुद्धा एनलिस्टला भोवतो.

ग्लुफोसिनेट दोन्हीकडे सारखंच: तण तीन-चार इंचांचं असताना, कडक उन्हात, पान नीट भिजेल असं. ढगाळ दिवशी मारलंत तर पैसे मातीत.

उतारा बॅगवरच्या नावापेक्षा वाणावर जास्त ठरतो. पक्वता गट (पीक किती लवकर तयार होतं) आणि सिस्ट निमॅटोड या मुळांवरच्या सूक्ष्म कृमीला प्रतिकार, हे आधी पाहा. बाकी सगळं सारखं असेल तर मी एनलिस्ट घेईन. चारी बाजूंनी डायकांबावाले शेजारी असतील तर मात्र एक्स्टेंडफ्लेक्स, उडून आलेलं डायकांबा ते झेलतं.

महाराष्ट्रात यातलं काहीच लावता येत नाही. २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली, लागवडीला मात्र मान्यता नाही. वाशीम-लातूरकडे 'राउंडअप झेलणारं' सोयाबीन म्हणून कुणी बॅग पुढे केली, तर पक्कं बिल मागून बघा.