प्रकाश-उत्प्रेरकाचा प्रात्यक्षिक संच: पावडर उत्तम, पुस्तिका अपुरी

म्हापशातील आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकांचा, म्हणजे प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांचा, एक संच घेतला. त्यात पिवळसर कार्बन नायट्राइड, तुलनेसाठी पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड, मिथिलीन ब्लू हा निळा रंग आणि ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश अडवणारी काच मिळते. ही निवड जाणकाराची आहे. टायटॅनियम डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन उसळवण्यासाठी सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, म्हणजे अतिनील किरणे लागतात, आणि गोव्याच्या रखरखीत उन्हातही त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. कार्बन नायट्राइडला मात्र २.७ पुरतात, त्यामुळे सुमारे ४६० नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा-निळा प्रकाशही त्याच्या कामी येतो.

माझा मुख्य आक्षेप पुस्तिकेवर आहे. काचेआड ठेवलेल्या, प्रत्येकी एक पावडर घातलेल्या दोन्ही बाटल्यांतील निळा रंग फिका झाला, आणि पांढरी पावडरही दृश्य प्रकाशात काम करते असा चुकीचा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढला. मिथिलीन ब्लू स्वतःच तांबडा प्रकाश शोषून आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देऊ शकतो आणि त्यात स्वतः मोडतो, याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. शिवाय काही रंग पावडरीवर नुसता चिकटून बसतो, म्हणून एक बाटली अंधारात ठेवणे अनिवार्य होते. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, हा समज तर फारच घातक आहे, कारण रेणूचे बिनरंगी तुकडे पाण्यातच राहिलेले असू शकतात. रंगाऐवजी सॅलिसिलिक आम्ल वापरावे. ते स्वतः दृश्य प्रकाश शोषत नाही (टायटॅनियम डायऑक्साइडला चिकटल्यावर मात्र थोडा शोषू शकते), आणि नमुन्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच उमटणाऱ्या जांभळ्या छटेवरून ते किती उरले याचा अंदाज येतो.

पुस्तिकेतील हायड्रोजन मिळवण्याच्या प्रयोगाला ‘पाण्याचे विघटन’ म्हटले आहे, तेही सैल विधान आहे. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ साली दाखवलेल्या विघटनात दुसऱ्या बाजूने ऑक्सिजनही सुटत होता. येथे ऑक्सिजन निघतच नाही, कारण ती अर्धी बाजू ट्रायइथेनॉलअमाइन हे इलेक्ट्रॉन देणारे रसायन स्वतः खर्ची पडून सांभाळते.

तरीही पावडरीच्या दर्जासाठी मी हा संच घ्यावा असेच सुचवेन. वापरलेले पाणी मात्र रात्रभर निवळू द्यावे, कारण साध्या गाळणकागदातून ही बारीक पावडर निसटते.