शेपर मशीन (स्पिंडल मोल्डर): दारं-चौकटींच्या कामावर बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, मशीन चांगलंय, घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या. पण शेपर, म्हणजे टेबलातनं वर आलेल्या उभ्या दांड्यावर (स्पिंडलवर) कटर फिरवून लाकडाच्या कडेला आकार देणारं मशीन, त्याबद्दल लिहायचं म्हणजे मोटर किती एचपीची आणि टेबल किती जाड एवढ्यावर भागत नाही, कारण ह्या मशीनचं निम्मं काम स्विच दाबायच्या आधी असतं आणि ते नीट केलं तर सागवानाच्या पॅनेलला अशी झिलई येते की पॉलिश पेपर जेमतेम फिरवायचा.

आमचं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगर ह्या कारखान्यांच्या भागाच्या अलीकडं. काम म्हणजे दाराची पॅनेलं, चौकटीचं रिबीट (दार बसायची कडेची खाच), बीडिंग पट्ट्या, अधूनमधून जुन्या वाड्यांच्या खिडक्यांचं गोलाईचं काम. मशीन देशी बनावटीचं, 3 एचपी थ्री फेज, 30 मिमीचा स्पिंडल, पट्टा बदलून मिनिटाला 4500, 6000 आणि 9000 फेरे असे तीन स्पीड, टेबल बिडाचं. टेबल सपाट आहे, स्पिंडल वर-खाली करायचं चाक हलकं फिरतं आणि लॉक केल्यावर हलत नाही. स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो, ते आम्ही लेथवाल्या मित्राकडनं डायल (मोजायचं काट्याचं घड्याळ) आणून बघितलं, काटा हलला न हलला इतकाच. उद्यमनगरात डायल आणि मॅग्नेटिक स्टँड कुणाकडंही मिळतो, तेव्हा नवीन मशीन आलं की पहिल्याच दिवशी हे करून घ्या, नंतर भांडायला अर्थ राहत नाही.

दुसरं बघायचं ते फिरायची दिशा. वरून बघितलं तर स्पिंडल घड्याळाच्या उलटा फिरला पाहिजे आणि लाकूड उजवीकडनं डावीकडं सारायचं, म्हणजे कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध. कटर फिरतंय त्याच बाजूला हातानं लाकूड कधीही सारू नका, हातातनं ओढून नेतं आणि मागोमाग हातही जातो. आता थ्री फेजची गंमत अशी की दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते, डीपीवर (विजेच्या वितरण पेटीवर) काही काम झालं किंवा वायरमननं प्लग बदलला की हे होऊ शकतं. उलटं फिरलं की पातं कापत नाही, घासून जाळतं, आणि स्पिंडलचा नट सुटायला लागतो. त्यासाठीच नटाखाली खाच असलेलं वॉशर असतं ते कधी काढून ठेवू नका. आम्ही फेज सिक्वेन्स रिले, म्हणजे फेज उलटे आले तर मोटर चालू होऊ न देणारं उपकरण, बसवून घेतलाय, खर्च किरकोळ आहे.

कटर बसवताना मेन स्विच बंद, नुसतं मशीनचं बटण बंद असून चालत नाही. सागवानाचा डिंक कॉलरवर (स्पिंडलवर कटरच्या वर-खाली बसणाऱ्या कड्यांवर) काळा थर धरतो, बोटाला जाणवतही नाही पण कटर तिरकं बसायला तेवढा पुरतो. थिनरचं फडकं घेऊन स्पिंडल, कॉलर, कटरचं बोअर (मधलं भोक) सगळं पुसायचं, मग चढवायचं, नट आवळायचा, पाना काढायचा, स्पिंडल अडकवून धरणारी लॉक पिन काढायची आणि कटर हातानं पूर्ण एक फेरा फिरवून बघायचा कुठं फेन्सला (लाकूड टेकवून सारायच्या उभ्या आधाराला) लागतंय का. आमच्या मिस्त्रींनी लॉक पिनेला आणि पान्याला लाल दोरी बांधून दोन्ही मेन स्विचच्या हँडलला अडकवलेत, पाना जागेवर नसला तर स्विच कुणी वर करत नाही.

स्पीडचा विषय लोक फार हलक्यात घेतात. 160 मिमीचं पॅनेल कटर 9000 ला लावलं तर टोकाचा वेग सेकंदाला 75 मीटर होतो, म्हणजे ताशी 270 किलोमीटरच्या वर! तेच 6000 ला सुमारे 50 मीटर, तिथं ते बरोबर चालतं. साधारण सेकंदाला 40 ते 70 मीटरच्या मध्ये ठेवायचं. लहान 100 मिमीचं कटर मात्र 6000 ला 31 मीटरवरच येतं, तिथं काप खरबरीत येतो आणि लाकूड मागं मारायची शक्यता वाढते, त्याला 9000 पाहिजे. पण कटरवर जो जास्तीत जास्त आरपीएम कोरलेला असतो तो शेवटचा शब्द, आणि ज्यावर काहीच कोरलेलं नाही असं कटर फुकट मिळालं तरी नको.

आता फेन्स, ह्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. कंपनीनं दिलेली फेन्स ठीक आहे पण दोन भागांच्या मधे मोठं भगदाड असतं, आणि लाकडाचं टोक त्याच भगदाडात घुसतं, मग खड्डा पडतो नाहीतर लाकूड अडकून उलटं येतं. उपाय म्हणजे पुढं 18 मिमी एमडीएफची अखंड पट्टी बोल्टनं लावायची. कटर चालू करून पूर्ण फेन्स अगदी सावकाश मागं घ्यायची, दोन्ही हात फेन्सच्या टोकांना ठेवून, म्हणजे कटर स्वतःच पट्टीतनं पाहिजे तेवढंच तोंड काढतं. एमडीएफ कापताना सुरुवातीला टिकटिक येते, मग एकसारखी घूं येते, घाई केली की आवाज लगेच जड होतो. त्यानंतर भगदाड राहतच नाही, कटर जेवढं दिसायला पाहिजे तेवढंच दिसतं. प्रत्येक प्रोफाईलची पट्टी वेगळी करून त्यावर पेनानं नाव टाकून भिंतीला टांगून ठेवलीत.

ही अखंड पट्टी कडेचा थोडाच भाग कापायचा असेल तेव्हाची. पूर्ण कड खाली जाणार असेल तर बाहेर पडायच्या बाजूची फेन्स तेवढीच पुढं आणावी लागते. मेन बंद करून स्टीलची पट्टी त्या फेन्सला टेकवायची, कटर हातानं फिरवायचं, पात्यानं पट्टीला नुसतं स्पर्श केला की बरोबर. माझी एक तक्रार इथंच आहे, फेन्सचे नॉब आवळताना ती केसभर सरकते, त्यामुळं दोन्ही नॉब थोडे थोडे आलटून-पालटून आवळावे लागतात आणि नंतर परत एकदा तपासावं लागतं. वरचं गार्डही पातळ पत्र्याचं दिलंय, आम्ही जाड पॉलिकार्बोनेटचं करून घेतलं.

कटर जमेल तेव्हा लाकडाच्या खाली ठेवा. खाली असलं की लाकूड चुकून उचललं गेलं तर काप कमी बसतो, परत एकदा फिरवलं की झालं. वर असेल तर तेच उचललेलं लाकूड कटरमधे घुसतं आणि पॅनेल वाया जातं, शिवाय बोटं उघड्या पात्याजवळ राहतात. एका वेळी 3 मिमीच्या आसपासच काढायचं, सागवानात गाठ असेल तर त्याहून कमी. पॅनेलच्या लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या कडा आधी मारायच्या, उभ्या नंतर, म्हणजे टोकाला उडालेली चिफळी उभ्या कापात निघून जाते.

पॉवर फीडर, म्हणजे मोटरवरच्या चाकांनी लाकूड आपोआप पुढं ढकलणारं जोडयंत्र, नंतर घेतला, आणि खरं तर मशीनबरोबरच घ्यायला पाहिजे असा माझा सगळ्यांना आग्रह आहे. चाकं लाकडाच्या जाडीपेक्षा 3 मिमी खाली ठेवायची, आणि फीडर किंचित तिरका, म्हणजे पुढं ढकलताना लाकूड फेन्सकडं दाबलं जाईल. हात कटरपासून लांब राहतो आणि वेग एकसारखा राहिल्यामुळं जळल्याचे डागही येत नाहीत. गोलाईच्या कामाला फीडर लागत नाही, तिथं टेम्प्लेटला (आकाराच्या साच्याला) टेकून फिरणारं बेअरिंग आणि सुरुवातीला लाकूड टेकवायची स्टार्टिंग पिन वापरतो, आणि टेम्प्लेटला दोन मजबूत मुठी ठोकतो. हातमोजे नाहीत, मनगटातलं कडं काढून ठेवायचं.

पावसाळ्यात इथली हवा एवढी दमट असते की टेबल रात्रीत लाल पडतं, आम्ही रोज संध्याकाळी भुस्सा झाडून मेण घासतो. सिलिकॉन स्प्रे नको, लाकडाला लागलं की पॉलिश धरत नाही. भुस्सा ओढायला मशीन लावा, मास्कही लावा, लाकडाच्या धुळीनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलंय.

बारीक बीडिंग पट्टी लागत असेल तर बारीक पट्टी हातात धरून शेपरवर कधी घेऊ नका. रुंद फळी घ्या, तिच्या कडेला गोलाई मारा, मग टेबल सॉवर ती पट्टी चिरून वेगळी करा, परत कडेला गोलाई मारा, परत चिरा. एक 6 इंची फळी अशी संपेपर्यंत आमच्या चार खिडक्यांची बीडिंग निघते.