फ्लोट की डेसिमल? पैशांच्या हिशोबाला काय घ्यायचं

पायथॉन नवीन शिकताय आणि बिलाचा छोटासा प्रोग्राम करताय ना, मग आधी ०.१ + ०.२ प्रिंट करून बघा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. कॉम्प्युटर बिघडलेला नाही, फ्लोट, म्हणजे पायथॉनचा दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार, आकडा बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) ठेवतो आणि ०.१ बायनरीत पूर्ण बसतच नाही, जसं १ भागिले ३ आपल्याला दशांशात संपवता येत नाही तसंच. राउंड करून भागेल म्हणाल तर २.६७५ दोन अंकांवर राउंड करा, २.६८ नाही, २.६७ मिळतं!

डेसिमल हा पायथॉनमधला आकड्यांचा दुसरा प्रकार, तो दहाच्या हिशोबात चालतो म्हणून तिथे बरोब्बर ०.३ येतं. फक्त आकडा कोटमध्ये (अवतरण चिन्हांत) द्या, डेसिमल('०.१') असा. कोट विसरलात की आधी फ्लोट बनतो आणि ०.१००००००००००००००००५५५ अशी शेपटी घेऊन आत येतो, माझा अख्खा रविवार यातच गेला होता.

डेसिमल हळू आहे हे खरं. फ्लोटमध्ये मिसळलं की टाइपएरर (प्रकार जुळत नाहीत अशी एरर) देतो, पण मला तर ते आवडतं, गुपचूप चुकण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं. १/३ त्यालाही पूर्ण जमत नाही, २८ अंकांवर थांबतो.

गेम, ग्राफ, सेन्सरची रीडिंग असेल तर खुशाल फ्लोट घ्या. पैसे असतील तर डेसिमलच, पहिल्या ओळीपासून.