फुलांचं क्रोशे टिश्यू कव्हर, सात महिने रोज वापरल्यावर

विणून झाल्याझाल्या फोटो काढले तेव्हा हे कव्हर इतकं सुंदर दिसत होतं की त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण बरं झालं थांबले, कारण खरं काय ते वापरायला लागल्यावरच कळलं.

माझा बॉक्स आडवा, साधारण 23 बाय 12 सेमी आणि उंची 7. आठ प्लायचा (म्हणजे मध्यम जाडीचा) कॉटन दोरा आणि 3.5 मिमीची सुई घेतली, माझ्या हाताला 10 सेमीत 18 टाके बसतात. वरचा आयत आधी विणला, मध्ये टिश्यू बाहेर येतो त्या तोंडासाठी 26 टाके सोडून तेवढ्याच साखळ्या घातल्या, मग चारी बाजूंनी फक्त मागच्या धाग्यात एक ओळ घेतली की कडा छान घडीसारखी वळते आणि भिंती खाली उतरायला लागतात. सगळं अमेरिकन सिंगल क्रोशेतच, म्हणजे आखूड, घट्ट टाक्यात. पॅटर्न ब्रिटिश पद्धतीचा आहे का अमेरिकन ते मात्र आधी बघाच, ब्रिटिश पॅटर्नमधलं डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल, हे माझ्या लक्षात आलं नाही, मी अमेरिकन डबल म्हणजे उंच टाका घातला आणि पहिल्यांदा विणलं ते सगळं जाळीजाळीचं झालं, आतल्या बॉक्सवरची अक्षरं दिसत होती, पूर्ण उसवावं लागलं.

आता फुलं. गुलाब म्हणजे लांब पट्टी विणून गुंडाळायची आणि खालून घट्ट शिवायची, हे सोपं आहे आणि करताना फार मजा येते, मी नऊ केले आणि तोंडाच्या भोवती गोल लावले कारण तिथेच ते शोभतात असं वाटलं. दोनच दिवसांत कळलं की टिश्यू ओढला की पाकळ्यांना अडकतो आणि अर्धाच फाटून हातात येतो. सर्दी झालेली असताना तर फारच वैताग. शेवटी सगळे गुलाब काढले, दोन कोपऱ्यांत झुपका करून लावले, तोंडापासून तीन बोटं लांब, आणि तोंडाच्या कडेला फक्त स्लिप स्टिचची (सगळ्यात चपटा टाका) एक ओळ दिली. तेव्हापासून एकदाही अडकला नाही. माझं ऐकाल तर फुलं आधी टाचणीने लावून आठवडाभर वापरा, मगच शिवा. टाचण्या मात्र तोंडापासून लांब ठेवा.

दुसरा त्रास म्हणजे बॉक्स रिकामा होत आला की हलका होतो आणि टिश्यूबरोबर कव्हरच वर उचललं जातं. त्यावर उपाय म्हणून तळाला दोन आडव्या पट्ट्या विणल्या, एका बाजूला बटण, आता बॉक्स आणि कव्हर एकत्रच राहतं आणि बॉक्स बदलायलाही दहा सेकंद लागतात.

धुण्याचं सांगायचं तर पहिल्या धुण्यात लाल गुलाबांचा रंग पांढऱ्यावर उतरला आणि मला खरंच रडू आलं, इतक्या संध्याकाळी घातल्या होत्या त्यात. गडद दोरा असेल तर विणायच्या आधी थोडा तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. गुलाब परत केले, या वेळी फिकट गुलाबी, आणि शिवण्याऐवजी मागे छोटी बटणं लावली, म्हणजे धुताना वेगळे काढता येतात. पाकळ्यांमध्ये धूळ बसतेच, मी मऊ ब्रशने झटकते. कॉटन ओलं झालं की जड होऊन ताणतं, म्हणून लटकवू नका, टॉवेलवर आडवं ठेवून हाताने आकार देऊन वाळवा. सात महिन्यांत भिंती थोड्या सैल झाल्यात, पुढचं कव्हर मी घेरात 2 सेमी कमीच विणणार आहे.

उरलेल्या अ‍ॅक्रिलिकची पानं लावली होती त्यांच्यावर गोळे आलेत, कॉटनच्या फुलांवर एकही नाही. पानं बदलायची आहेत, हिरवं कॉटन आणून ठेवलंय.